उभ्याने पाहिलेली फिल्म

माझी बायको शैलजा चारचौघांत सांगते, की वत्सन लग्नांचे व्हिडिओ काढून कमावतो आणि डॉक्युमेंट्री काढून घालवतो. बोलणं खोटं नाही, म्हणून मी ऐकून घेतो. पण पोन्नाडा सिल्क्सवरची फिल्म मला काढता आली ती लग्नांमुळेच, हे ती कधी सांगत नाही. ते मला सांगावं लागतं.

पोन्नाडा हे आमच्या वडकरा गावातलं सगळ्यात मोठं साड्यांचं दुकान. तिथे डॉक्युमेंट्रीसाठी कॅमेरा घेऊन गेलो असतो तर वॉचमननेच मला पायरीवरून खाली लोटलं असतं. पण आमच्याकडे लग्नाची साडी घ्यायला नवरीबरोबर अख्खं कुटुंब जातं आणि व्हिडिओवालाही जातो. अंबुजाक्षन मुतलाळी, म्हणजे दुकानाचे मालक, व्हिडिओवाला दिसला की स्वतः दारापर्यंत येत. फुकटात जाहिरात होत होती, का नाही येणार? कॅमेरा चालू झाला की सोफ्यावर नवरी, नवरीची आई, आत्या, मामी, सगळ्यांच्या हातात लिंबू सरबत. आणि त्यांच्या मागे काउंटरला विकणाऱ्या बायका, हसऱ्या चेहऱ्याने उभ्या. सकाळी दुकान उघडल्यापासून रात्री शटर पडेपर्यंत उभ्या. मी चार-पाच कुटुंबांकडे गेलो, काय करायचंय ते सांगितलं आणि त्यांच्या व्हिडिओतलं उरलेलं शूटिंग वापरायची परवानगी मागितली. एकाच मामीने नाही म्हटलं, तेही तिची हनुवटी बरोबर आली नव्हती म्हणून.

या बायकांतली एक विलासिनी चेच्ची, म्हणजे विलासिनीताई. रेशमी साड्यांच्या काउंटरला वीसेक वर्षं काढलेली. दुकानाचा नियम साधा होता. बसायचं नाही. गिऱ्हाईक नसलं तरी नाही. भिंतीला पाठ लावायची नाही. मजल्यावर सत्यपालन नावाचा मॅनेजर फिरायचा, त्याच्या तोंडी दिवसभर एकच वाक्य, ‘टेकायचं नाही.’ संडास सगळ्यात वरच्या मजल्यावर, तिथे जायलाही त्याची परवानगी. म्हणून बायका पाणीच पीत नसत. एका दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं. विलासिनी चेच्ची साड्यांच्या रिकाम्या पेटीवर जरा टेकली. छतावरच्या कॅमेऱ्याने पाहिलं, केबिनमधून मुतलाळी उतरून आले आणि म्हणाले, “ही पेटी बसायला नाही.” ती म्हणाली, पाय दुखतायत. “मग घरी जाऊन बस,” मुतलाळी म्हणाले. तसं तिला खरंच घरी बसवलं.

ती रडत बसली नाही. लेबर ऑफिसात जाऊन तक्रार दिली. तिथल्या जलजा मॅडम नव्या बदलून आलेल्या. बाई वाईट नव्हत्या, दुकान पाहायला स्वतः गेल्या. मुतलाळींनी त्यांना सोफ्यावर बसवलं, सरबत दिलं आणि सगळ्या बायकांना समोर बोलावून विचारलं, तुम्हाला काही त्रास आहे का? सत्यपालन शेजारीच उभा. कुणाची हिंमत होणार? कुणालाच त्रास नव्हता. मग मॅडमनी विलासिनी चेच्चीला समजावलं, की गैरसोय वेगळी आणि अन्याय वेगळा, बसायला मिळत नाही ही काय तक्रार म्हणून मी लिहू? सोमवारी त्या प्रकरण बंद करणार होत्या.

हे ऐकल्यावर आमच्या वेळिच्चम फिल्म सोसायटीचे अध्यक्ष अच्युतन माश छत्री घेऊन थेट लेबर ऑफिसात गेले. माश म्हणजे मास्तर, आमच्या अर्ध्या गावाला शाळेत बडवलेला माणूस, त्यांना नाही म्हणणं अवघड. रविवारी संध्याकाळी आमची फिल्म पाहा आणि मग काय करायचं ते करा, असं त्यांनी मॅडमना सांगितलं. मॅडम येते म्हणाल्या. म्हणजे सगळा खेळ त्या एका संध्याकाळवर आला. मॅडमनी फिल्म पाहिली तर आशा होती. नाही तर सोमवारी फाइल बंद आणि विलासिनी चेच्ची कायमची घरी. मी तिला विचारलं होतं, नेमकं काय हवंय तुला, पैसे की माफी? ती म्हणाली, “नोकरी हवी. पण उभ्याने नाही.”

फिल्ममध्ये तिचे पाय आहेत. ते घ्यावेत की नाही यावर मीच घुटमळत होतो. पोटऱ्यांवर निळ्या-हिरव्या शिरांच्या गाठी, घोट्याशी काळवंडलेली कातडी. साडी वर करून कॅमेऱ्यासमोर बसायला कुठल्या बाईला आवडेल? तिनेच घराच्या पायरीवर बसून साडी गुडघ्यापर्यंत घेतली आणि मला झापलं. “नवरीच्या पायातलं पैंजण जवळून घेतोस ना? तसेच माझेही घे. लाजतोस काय, तुझे पाय आहेत का?”

रविवारी दुपारी मी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये पडदा लावत होतो, तेव्हा मोयदू इक्काचा, म्हणजे मोयदूभाईचा, फोन आला. आमच्या प्रत्येक खेळाला खुर्च्या मोयदू इक्काच्या. मंडप, भांडी, खुर्च्या, सगळं तो भाड्याने देतो. फोनवर तो इतका हळू बोलत होता, की मला वाटलं कुणीतरी गेलं. खुर्च्या नाहीत, म्हणाला. पोन्नाडा सिल्क्सचा वर्धापनदिन आजच काढलाय, सगळ्या खुर्च्या तिकडे गेल्या. मी म्हटलं, वर्धापनदिन पाऊस ओसरल्यावर, चिंगम महिन्यात असतो, दर वर्षी पेपरात जाहिरात येते. तो म्हणाला, “वत्सा, मला कशाला विचारतोस? मुतलाळींच्या घरची दोन लग्नं माझ्याकडे आहेत.” मी देवळाच्या कमिटीला फोन लावला, चर्चच्या हॉलला लावला, नादापुरम रोडवरच्या दुसऱ्या मंडपवाल्याला लावला. सगळीकडच्या खुर्च्या वर्धापनदिनाला. नंतर कळलं की पाहुणे तीस-चाळीस होते आणि मुतलाळींच्या अंगणात खुर्च्यांच्या लाल थप्प्या नारळाच्या झाडांशी स्पर्धा करत होत्या.

माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं या गावात खेळ चालवतोय. पावसात चालवले, वीज गेली तेव्हा जनरेटर लावून चालवले, आणि आता प्लॅस्टिकच्या खुर्च्यांपायी बंद? माश हॉलमध्ये येरझारा घालत होते. त्यांचं म्हणणं, खेळ पुढच्या रविवारी ठेवू. मी म्हटलं, माशे, फाइल उद्या बंद होतेय, पुढच्या रविवारी फिल्म काय भिंतीला दाखवायची? मग त्यांना खाली पेपर वाचणाऱ्यांची दोन बाकं आठवली. ती वर आणू, एकावर मॅडम, एकावर मान्यवर, बाकीचे उभे राहतील.

विलासिनी चेच्ची तोवर आली होती. दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिने बाकं वर आणायला हरकत घेतली नाही, पण त्यावर कोण बसणार ते तिने ठरवलं. म्हातारी माणसं आणि पोटुशी बाई आली तर ती. “आम्हाला तेवढंही नव्हतं,” ती म्हणाली. “बाकीचे उभे राहू दे. मॅडमसुद्धा.”

माशांना घाम फुटला. सरकारी माणसाला उभं ठेवायचं म्हणजे काय. मला मात्र एकदम इतका आनंद झाला की मी पडद्याची दोरी दातातच धरून हसायला लागलो. मुतलाळींनी हॉलमधल्या खुर्च्या काढून घेतल्या होत्या. जी गोष्ट पाऊण तासाची फिल्म दाखवून कदाचित जमली नसती, ती त्यांनी स्वखर्चाने जमवून दिली होती. दुकानात सगळ्यांना उभं ठेवणाऱ्या माणसाला उभं राहणं म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं. त्याला वाटलं, खुर्ची नाही म्हणजे खेळ नाही.

सहाच्या सुमाराला लोक यायला लागले, दोन्ही बाकं म्हाताऱ्यांनीच भरली. आमच्या सोसायटीचे सभासद म्हणजे एकेक नग. जगभरच्या फिल्म पाहिलेले, फिल्म पाऊण तासाची असेल तर चर्चा दीड तास करणारे. रविवार म्हणून सगळे कांजी केलेल्या पांढऱ्याशुभ्र मुंडूत, म्हणजे लुंगीसारख्या धोतरात. खुर्च्या नाहीत म्हटल्यावर दोघा-तिघांनी जमिनीकडे पाहिलं. पण हॉलची फरशी लाल, आणि ग्रंथपालाने नेमकं त्याच आठवड्यात तिला लाल पॉलिश मारलं होतं. एकाने बोट घासून पाहिलं, बोट लाल झालं. मग कुणी बसायचं नाव काढलं नाही.

मुतलाळीही आले. निमंत्रण व्यापारी संघाच्या अध्यक्षांना गेलं होतं आणि अध्यक्ष तेच होते, पण ते आले मजा पाहायला. झिरझिरीत रेशमी शर्ट, सोनेरी काठाचा मुंडू, मागे सत्यपालन. खुर्च्या नसलेल्या हॉलवर नजर फिरवून ते माशांना म्हणाले, “मला एक फोन करायचा होतात, माशे. चार खुर्च्या मी पाठवल्या असत्या.” माशांचा हात ज्या पद्धतीने छत्रीवर घट्ट झाला ती पद्धत मी चौथीत असताना पाहिली होती.

तेवढ्यात जलजा मॅडम जिना चढून आल्या. मुतलाळी पुढे झाले आणि म्हणू लागले, की मॅडम, या लोकांची व्यवस्था अशीच असते, आमच्याकडे कार्यक्रम आहे, जेवण आहे, तिकडे चला. मॅडम खरंच वळल्या असत्या. एका हातात पर्स, दुसऱ्यात मोबाइल, रविवारची संध्याकाळ. विलासिनी चेच्ची त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“मॅडम, खुर्च्या नाहीत,” ती म्हणाली. “पण फिल्म पाऊण तासाचीच आहे. आम्ही सकाळपासून रात्रीपर्यंत उभ्या असतो. तुम्ही पाऊण तास राहाल?”

याला नाही म्हणायची सोय नव्हती. मॅडमनी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, राहते. मग मुतलाळींनाही राहावं लागलं. ऑफिसर उभी असताना ते जाणार कसे?

मी दिवे बंद केले.

सुरुवातीची काही मिनिटं सगळे ताठ. पडद्यावर नवऱ्या साड्या अंगावर धरून आरशात पाहत होत्या. हॉलमधल्या बायका कुठली कोण ते ओळखत होत्या, अगं ही आपल्या वासूची मुलगी, ही तीच का जिने लग्नानंतर डॉक्टरकी सोडली. मग कॅमेरा हळूहळू नवरीवरून सरकून मागे उभ्या बायकांवर जाऊन थांबतो आणि तिथेच राहतो. इथे हॉलमध्ये पायांची कुजबुज सुरू झाली. मी प्रोजेक्टरशी मागे उभा होतो, मला पडद्यापेक्षा लोकच जास्त दिसत होते. कुणी डाव्या पायावर, कुणी उजव्या. सोसायटीचे खजिनदार एका पायाने दुसऱ्याची पोटरी खाजवत होते. दोन वकील भिंतीकडे सरकले आणि खांदा टेकवला.

नेमका त्याच क्षणी पडद्यातून सत्यपालनचा आवाज आला, “टेकायचं नाही.” एका लग्नाच्या शूटिंगमध्ये मागून तो टिपला गेला होता. दोन्ही वकील भिंतीपासून असे सुटले, जसा काही तिच्यात करंट होता. लोक हसले. खरा सत्यपालनही भिंतीला टेकला होता, तोही सुटला. मग ते वाक्य फिल्ममध्ये जितक्या वेळा आलं, तितक्या वेळा भिंतीवरून माणसं गळून पडली, आणि दर वेळी हसू थोडं कमी झालं.

अर्धी फिल्म झाल्यावर जिन्यावर चपला वाजल्या. पोन्नाडाच्या बायका आल्या होत्या. वर्धापनदिनाला त्यांना सकाळपासून पाहुण्यांची सरबराई करायला उभं केलं होतं. सद्याचं जेवण पानांवर वाढून झाल्यावर त्या दोघी-तिघी करत निसटल्या आणि तशाच, दुकानाच्या एकसारख्या निळ्या साड्यांत, हॉलमध्ये येऊन मागे ओळीने उभ्या राहिल्या. अंधारातही त्यांना मालक दिसला असणार. परत कुणी गेली नाही.

जलजा मॅडमनी तोवर चपला काढून ठेवल्या होत्या. पाय बदलताना त्या मागे वळल्या आणि त्यांना ती ओळ दिसली. मी त्यांच्याकडेच पाहत होतो. सगळा हॉल झुलत होता, वाकत होता, कंबर धरत होता. त्या ओळीत एकही बाई हलत नव्हती. हात पुढे बांधलेले, पाठ सरळ, गिऱ्हाईकाची वाट पाहावी तशा. मॅडमनी पडद्याकडे तोंड फिरवलं ते बऱ्याच वेळाने.

आणि मग पेटीचा प्रसंग आला. पडद्यावर विलासिनी चेच्ची आपल्या पायरीवर बसून सांगत होती. दुपार होती, दुकान रिकामं होतं, पाय पेटले होते, मी पेटीवर बसले. मुतलाळी आले. म्हणाले, ही पेटी बसायला नाही.

पुढच्या बाजूला कुणीतरी फुसकन हसलं. मग दुसरा. डोकी वळायला लागली. माझी कॅमेऱ्याची ॲल्युमिनियमची पेटी मी खिडकीखाली ठेवली होती, आणि तिच्यावर अंबुजाक्षन मुतलाळी बसले होते. कधी बसले, कुणाला कळलं नव्हतं. एक हात गुडघ्यावर, दुसऱ्याने पोटरी दाबत होते. पडद्याचा उजेड थेट त्यांच्या तोंडावर. सगळे आपल्याकडे पाहतायत हे लक्षात आल्यावर ते दचकून उठायला गेले.

“बसा मुतलाळी,” विलासिनी चेच्ची दारातून म्हणाली. आवाज चढवला नाही, पण हॉलभर ऐकू गेला. “उठू नका. पाय दुखले की माणसाने बसावं.”

त्यांना उठताही येईना आणि बसताही येईना. अर्धवट वाकलेल्या अवस्थेत ते तसेच राहिले आणि शेवटी धप्पकन पुन्हा पेटीवर बसले. टाळ्या कुठून सुरू झाल्या मला सांगता येणार नाही. मला वाटतं त्या निळ्या ओळीतूनच झाल्या असाव्यात. फिल्म अजून चालू होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. इतकी वर्षं लोकांना फिल्म दाखवतोय, माझ्या फिल्मचा आवाज टाळ्यांत बुडाला आणि मला राग आला नाही, असं एकदाच झालं.

फिल्मचा शेवट म्हणजे ते पाय. मी पडद्यावर ते इतके मोठे केले होते, की हॉलच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत शिरा. मागून विलासिनी चेच्चीचा आवाज नाही, संगीत नाही, काही नाही. दिवे लावले तेव्हा अच्युतन माश चष्मा पुसत होते. चर्चा करायला कुणीही पुढे आलं नाही, हे आमच्या सोसायटीत पहिल्यांदाच घडलं.

जलजा मॅडम अनवाणीच मागे गेल्या, निळ्या ओळीसमोर. त्यांनी विचारलं, मी दुकानात आले तेव्हा तुम्ही काही त्रास नाही म्हणालात, आजही तेच म्हणाल का? सत्यपालन खोकला. एक लहानखुरी बाई होती, सुहरा नावाची, ती त्या खोकल्याकडे पाहतही नव्हती. तिने सांगायला सुरुवात केली. पाणी का पीत नाही ते सांगितलं, लघवीच्या आजाराने किती जणी दवाखान्यात जाऊन आल्या ते सांगितलं, बसल्याबद्दल पगार कापतात तेही सांगितलं. तिचं झालं की शेजारची बोलली. मग सगळ्याच. मॅडम लिहून घ्यायला पर्समध्ये पेन शोधत होत्या, माशांनी आपलं दिलं.

मग त्या मुतलाळींकडे वळल्या. ते अजून पेटीवरच होते. “मी गैरसोय आणि अन्याय वेगळे आहेत असं म्हणाले होते,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही काय म्हणता?”

सगळं गाव समोर, गिऱ्हाइकं समोर, लग्न ठरलेल्या मुलींच्या आया समोर. मुतलाळी काही मूर्ख नव्हते. घसा साफ करून म्हणाले, की विलासिनीने उद्यापासून कामावर यावं, मागचं विसरून जाऊ.

“आणि स्टूल?” विलासिनी चेच्चीने विचारलं.

ते म्हणाले, ठीक आहे, तुला एक स्टूल ठेवू.

“मला एक नको,” ती म्हणाली. “जितक्या आम्ही, तितकी.”

मुतलाळींनी एकदा त्या ओळीकडे पाहिलं, एकदा आपल्या पायांकडे. मग मान हलवली. मॅडम म्हणाल्या, मान नको, तोंडाने बोला, मला लिहायचंय. त्यांनी तोंडाने सांगितलं. मॅडमनी लिहिलं आणि वर म्हणाल्या, उद्या सकाळी मी स्वतः येतेय, सोफ्यावर बसणार नाही. त्यानंतर हॉलमध्ये जो गलका झाला, त्यात बाकं गेल्यामुळे खालच्या पायऱ्यांवर पेपर वाचणारे म्हातारे वर आले, काय झालं विचारत. माशांनी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं, अर्थात उभ्याने.

सोमवारी सकाळी मोयदू इक्का टेम्पो भरून स्टुलं घेऊन पोन्नाडासमोर हजर. विकत की भाड्याने, मी विचारलं नाही. स्वतः उतरवून देत होता आणि मला पाहून म्हणाला, पुढच्या खेळाला खुर्च्या माझ्यातर्फे.

त्या दिवशी माझं शूटिंग नव्हतं, तरी मी गेलो. सत्यपालन काउंटरमागे स्टुलं मांडत होता, चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा. विलासिनी चेच्ची रेशमी साड्यांच्या काउंटरला आली, स्टूल जरा डावीकडे घेतलं, हाताने पुसलं आणि बसली. दोन्ही पाय स्टुलाच्या दांडीवर. बाजूच्या दुकानांतल्या बायका चहाच्या वेळेला दाराशी येऊन पाहून जात होत्या, नव्या बाळाला पाहायला येतात तशा. चपलांच्या दुकानातली येऊन गेली, बेकरीतली येऊन गेली, ज्वेलरीवालीने तर आत येऊन स्टुलाला हात लावून पाहिला. विलासिनी चेच्ची प्रत्येकीला एकच सांगत होती, तुमच्या मुतलाळींनाही फिल्म पाहायला घेऊन या.

मग एक लग्नाचं कुटुंब आलं. आत्याबाईंनी सगळ्यात वरच्या फळीवरची साडी मागितली. विलासिनी चेच्ची उठली, साडी काढली, काउंटरवर पसरली, पदर दाखवला. आत्याबाई विचारात पडल्या, जशा सगळ्या आत्याबाई पडतात. विलासिनी चेच्चीने मागे न पाहता हाताने स्टूल चाचपलं आणि बसली. मला म्हणाली, “हे घेतलंस का?”

मी म्हटलं, चेच्ची, फिल्म संपली, काल सगळ्यांनी पाहिली.

“मग पुढे जोड,” ती म्हणाली. “ती पायांवर संपते. इथे संपव.”

मी कॅमेरा काढला. वॉचमन पाहत होता, सत्यपालन पाहत होता, वर केबिनच्या काचेतून मुतलाळी पाहत होते. कुणी अडवलं नाही.